वेळेआधी झालेली होडी

होड्यांचं प्रदर्शन बंदरावरच्या जुन्या मिठाच्या गोदामात भरायचं आणि गावातली माणसं त्याला नुसतं 'प्रदर्शन' म्हणायची. गावात दुसरी प्रदर्शनं भरत नव्हती असं नाही. फुलांचं भरायचं, भांड्यांचं भरायचं, एका वर्षी तर मांजरांचंही भरलं होतं आणि त्यातली काही मांजरं अजून सापडलेली नाहीत. पण त्या सगळ्यांना आपापली नावं लावून यावं लागे. 'प्रदर्शनाला येणार ना?' असं कुणी विचारलं की ते होड्यांचंच, यात कुणाला शंका नसे.

ज्यांना जन्मात होडी घ्यायची नाही, घेतली तर ठेवायला जागा नाही आणि ठेवली तर तिच्यात बसायची हिंमत नाही, अशी माणसं तिकीट काढून होड्या बघायला का येतात, हे मला कुणी विचारू नये. येतात, एवढं खरं. चकचकीत बोटींवर चढायचं तर बूट-चपला खाली काढाव्या लागत, त्यामुळे प्रत्येक शिडीपाशी पादत्राणांचा हा ढीग. आणि दर वर्षी कुणी ना कुणी दुसऱ्याचे बूट घालून घरी जाणार हेही ठरलेलं. नवरा-बायको बोटीतल्या टीचभर खोलीत उभं राहून पडदे कोणत्या रंगाचे लावायचे यावरून भांडत आणि अबोला धरून बाहेर पडत. पोक्त, हिशेबी माणसांचा सुकाणूच्या चाकाला हात लागला की ती तोंडाने इंजिनाचा आवाज काढत. लाट नाही, मळमळ नाही, समुद्राचं सगळं सुख आणि वर छप्पर! माणसाला आणखी काय हवं?

तरीही खरी गर्दी असायची ती गोदामाच्या मधोमध. तिथे छताच्या सर्वांत उंच भागाखाली दोरी लावून एक चौकोन राखलेला असे. त्या चौकोनात होडी ठेवलेली नसे, तिथे होडी बांधली जात असे.

हे काही कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी बंदरातल्या होड्या बांधणाऱ्यांकडे गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून सगळ्यांनी मिळून रिकामं गोदाम झाडून घेतलं, पताका लावल्या आणि आपापली होडी घासूनपुसून आत आणून ठेवली. जिची ही गोष्ट आहे त्या थोरलीच्या आजोबांची होडी तेवढी अर्धीच झाली होती. आजोबा हाताने चोख, पण वेळेच्या बाबतीत आनंदीआनंद. त्यांनी सरळ होडीचा कणा आणि बरगड्या असा तो सापळा हातगाडीवर चढवला, बरोबर फळ्या, करवत, रंधा घेतला आणि गोदामाच्या मधोमध बसकण मारून ठोकाठोक सुरू केली. बाकीचे पोट धरधरून हसले. दुपार होईतो तयार होड्यांपाशी त्यांचे मालक तेवढे उरले होते आणि अख्खं गाव आजोबांभोवती कोंडाळं करून उभं होतं. शेवटच्या रविवारी होडी पुरी झाली, लोकांनीच ती उचलून उतारावरून पाण्यात सोडली आणि आजोबा एकटेच तिच्यात बसून बंदराला वळसा घालून आले. चूक पुरेशी जुनी झाली की लोक तिला परंपरा म्हणू लागतात, तसंच झालं. तेव्हापासून दर वर्षी त्या चौकोनात अर्धी होडी येते, प्रदर्शनाच्या दिवसांत लोकांच्या डोळ्यांदेखत पुरी होते आणि शेवटच्या रविवारी पाण्यात जाते.

आजोबांनंतर तिथे थोरलीचे वडील बसले. त्यांना सगळं बंदर 'मिस्त्री' म्हणायचं. इंजिनं आली, फायबरच्या बोटी आल्या, गोदामात दिव्यांच्या माळा आणि कॉफीची यंत्रं आली, तरी मिस्त्री आपले मधोमध रंधा मारत बसलेले. या वर्षी मात्र त्यांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी हातोडी तर सोडाच, भरलेली किटलीही उचलायला बंदी केली. त्यामुळे चौकोनात उतरली थोरली.

थोरली ही घरातली मोठी मुलगी. धाकटीला होडीचं चित्र बघूनही मळमळायचं, तेव्हा ती लग्न करून आत, डोंगराकडे निघून गेली होती. थोरली पोरवयापासून वडिलांच्या कारखान्यात वाढली, आता चाळिशीला टेकली होती आणि हाताने वडिलांपेक्षा एक बोट सरसच होती. पण ते कुणी तोंडाने म्हटलेलं नव्हतं. मिस्त्री तर कौतुकाच्या बाबतीत इतके कंजूष की, बायकोने तीन तास खपून केलेल्या जेवणाला ते 'गरम आहे' एवढीच दाद देत.

प्रदर्शन सुरू व्हायच्या आधी प्रदर्शनाच्या समितीचे अध्यक्ष काका थोरलीला भेटायला कारखान्यात आले. काकांचं बोलणं शेजारच्या गल्लीतही ऐकू जायचं, म्हणून लोक त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणायचे. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"हे बघ पोरी," ते आपल्या परीने कुजबुजत म्हणाले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी माना वळवल्या. "एक फायबरवाली कंपनी मधली जागा मागतेय. मोठी बोट, मोठा पडदा, संगीत, सगळा थाट. समितीतले निम्मे लोक पाघळलेत. मिस्त्री असते तर कुणाची छाती झाली नसती. पण आता म्हणतात, मुलीला जमतंय का बघू. शेवटच्या रविवारी सकाळी समिती बसणार आहे. त्याआधी तुझ्याभोवती गर्दी दिसली पाहिजे, आणि रविवारी होडी पाण्यात गेली पाहिजे. नाहीतर जागा गेली म्हणून समज."

थोरलीने यातलं 'होडी पाण्यात गेली पाहिजे' एवढंच ऐकलं. तिला ती जागा हवी होती. वडिलांची म्हणून नव्हे, स्वतःला म्हणून हवी होती; आणि हे तिने अजून आरशालाही सांगितलं नव्हतं. रविवारी होडी अर्धीच राहिली तर काय, या एका धास्तीने तिची झोप उडाली. मग तिने अशी तयारी केली की विचारता सोय नाही. प्रत्येक फळीचा पुठ्ठ्याचा साचा आधीच कापून ठेवला. हत्यारांना वस्तऱ्यासारखी धार लावली. खिळेसुद्धा आकाराप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत लावले. 

प्रदर्शन सुरू झालं आणि थोरली जी कामाला लागली ती मान वर करायला तयार नाही. बाजूला वाफेची पेटी होती. लांबट लाकडी पेटी, खाली उकळतं पाणी. फळी तिच्यात शिजवली की मऊ होते आणि होडीच्या अंगावर वळते. त्या पेटीची मालकीण आई. फळी कधी शिजली हे आई झाकणापाशी नाक नेऊन सांगायची आणि आजवर तिचं नाक चुकलं नव्हतं. मिस्त्री दोरीच्या बाहेर खुर्ची टाकून, हात गळ्यात बांधून बसलेले.

लोक यायचे, विचारायचे, "लाकूड कुठलं हो?" थोरली म्हणायची, "चांगलं." "ह्या फटी तशाच ठेवणार का?" "नाही." दोरीपाशी दर वर्षी एक दातांचे डॉक्टर यायचे. आता निवृत्त झालेले. घडीचं स्टूल आणि जेवणाचा डबा घेऊन सकाळीच हजर. त्यांनी चौकशीचा एक प्रयत्न केला, दुसरा केला, आणि मग मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "माझे पेशंटसुद्धा तोंडात यंत्र असताना हिच्यापेक्षा जास्त बोलायचे."

मधल्या बुधवारी थोरलीने तिसरी फळी घेतली. पुढच्या टोकाकडे होडीचं अंग झपकन वळतं, तिथली ही डाव्या बाजूची फळी म्हणजे सगळ्यांत हट्टी. आईने झाकणाला नाक लावलं. "अजून शिजली नाही."

"होईल गं. वळते ती."

"मी सांगतेय ना, कच्ची आहे."

"आई, वेळ नाही!"

थोरलीने फळी ओढून काढली, शिकंज्यांनी आवळली, दात-ओठ खाऊन वळवली आणि तांब्याच्या खिळ्यांनी ठोकून टाकली. फळी बसली. बघणाऱ्याला काही वावगं दिसलं नसतं. संध्याकाळी सगळे निघताना मिस्त्रींनी सवयीप्रमाणे डावा हात होडीच्या अंगावरून फिरवला. तिसऱ्या फळीच्या टोकापाशी तो क्षणभर थांबला, मग पुढे गेला. थोरलीने ते पाहिलं. मिस्त्रींनी कोट खांद्यावर टाकला आणि जेवायला काय आहे म्हणून आईला विचारलं.

शुक्रवारी संध्याकाळी थोरलीने शेवटच्या सांध्यात कापूस ठासला, वर पुट्टीसारखी लांबी भरली, हात पुसले आणि मागे सरून बघितलं. होडी झाली होती. पुरी. रविवार अजून लांब होता आणि होडी झाली होती! तिला इतका आनंद झाला की तिने अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा गर्दीकडे बघून हसू दिलं.

हसू दिलं, पण घ्यायला कुणी नव्हतं. दोरीपाशी डॉक्टर तेवढे स्टूल मिटत होते.

"झाली?" ते म्हणाले.

"झाली!"

"आणि मग उद्या मी काय बघू?"

थोरलीला प्रश्नच कळला नाही. तेवढ्यात भोंगा काका लगबगीने आले, होडीकडे बघितलं, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि डोक्याला हात लावून खाली बसले.

"अगं, काय करून ठेवलंस हे!"

"काका, दोन दिवस आधी पुरी केली."

"तेच म्हणतोय मी! उद्या शनिवार. सगळ्यांत मोठी गर्दी उद्या. लोक अर्धी होडी बघायला येतात गं. पुऱ्या होड्या काय, बाहेर बंदरात फुकट उभ्या आहेत. समितीवाले उद्या फेरी मारणार, आणि त्यांना काय दिसणार? दोरी, होडी आणि गप्प बसलेली तू!"

डॉक्टर हळूच म्हणाले, "तुझे बाबा दर वर्षी कुठेतरी चुकायचे. फळी तोकडी कापायचे, कपाळावर हात मारायचे, तिला चार शिव्या हासडायचे, मग नवी घ्यायचे. आम्ही सगळे श्वास रोखून. मी पस्तीसएक वर्षं लोकांच्या दातांत बघितलं, पण एवढी मजा कुठे आली नाही."

थोरली मटकन होडीच्या कडेवर टेकली. अभ्यास करकरून परीक्षेला जावं, सगळा पेपर धडाधड सोडवून उठावं आणि बाईंनी म्हणावं, की आज परीक्षा नव्हतीच, आज सहल होती; तसं तिचं झालं. हसावं की रडावं कळेना. भोंगा काकांनी मात्र ठरवून टाकलं होतं, ते रडायच्याच बेतात होते.

घरी सगळे जेवायला बसले. स्वयंपाकघरात टेबलावरचा दिवा, पाव, अंडी, आणि मिस्त्री डाव्या हाताने चमचा धरायच्या खटपटीत. थोरलीने शेवटी ताट सरकवलं.

"बाबा, तुम्ही दर वर्षी मुद्दाम चुकायचात का? लोकांसाठी?"

मिस्त्रींनी चमचा खाली ठेवला. त्यांना खरोखर राग आला होता. "मुद्दाम? अगं, मुद्दाम चुकायला मला वेळ तरी होता का? लोक बडबडून बडबडून माझं डोकं खायचे, मी उत्तरं देत बसायचो आणि माप विसरायचो. त्यात काय एवढं!"

आई तोंडाला पदर लावून हसली. थोरलीही हसली. मग तिने विचारलं,

"तिसरी फळी तुम्हाला कळली ना?"

"कळली."

"नाकाने मला आधीच कळली होती," आई म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्रींनी पावाचा तुकडा मोडला. "होडी कुणाची आहे?"

"माझी."

"मी बोललो असतो तर तू काढली असतीस. काढली असतीस की नाही? मग होडी माझी झाली असती. तुझी फळी, तुझा निर्णय. ठेवलीस तरी होडी तरंगेल, ठणठणीत तरंगेल. ताण राहील तिच्यात, दोन-चार वर्षांनी खिळे सैल होतील. तोवर कुणाला काय दिसणार आहे?"

"मला दिसतंय," थोरली म्हणाली.

मग तिला भलतीच शंका आली. ती आईला म्हणाली, "आई, उद्या लोकांसमोर मी ती काढली, तर ते फळीसाठी केलं की गर्दीसाठी? मलाच कळत नाहीये."

आई भांडी गोळा करत होती. "दोन्हीसाठी कर. एका खटपटीत दोन कामं होत असतील तर तुझं काय बिघडतं? पण आता सांगून ठेवते, पेटीचं झाकण मी म्हणेन तेव्हाच उघडायचं."

 मिस्त्री एवढंच म्हणाले, की अंडी गरम आहेत.

खरं सांगायचं तर हा शुद्ध वेडेपणा होता. काढताना फळी फुटली, नवी नीट बसली नाही, शेजारची दुखावली, तर रविवारी होडी पाण्यात जाणं शक्य नाही, आणि मग जागेचं नाव काढायला नको. तयार होडी रविवारी सुखाने पाण्यात गेली असती आणि समितीला निदान ते तरी दिसलं असतं. थोरलीला हे सगळं कळत होतं. तरी सकाळी ती हत्यारं घेऊन गोदामाकडे निघाली.

शनिवारी दारं उघडली आणि माणसं लोंढ्याने आत आली. मधोमध आली, पुरी झालेली होडी बघितली, 'झाली वाटतं' म्हणाली आणि फायबरवाल्यांच्या पडद्याकडे वळायला लागली. भोंगा काका लांब उभे राहून समितीच्या मंडळींना बोलण्यात गुंतवत होते. थोरली दोरीपाशी आली. तिला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. पहिलं वाक्य अर्ध्यावरच राहिलं, दुसरं बाहेर आलं ते जरा जास्तच जोरात.

"ही तिसरी फळी मी चुकवली आहे! कच्ची असतानाच बसवली. आता काढणार आहे. बघायचं असेल तर थांबा."

माणसं थांबली. अहो, कुणी भर बाजारात उभं राहून 'मी चुकले' म्हणतंय, हे बघायला कोण थांबणार नाही? डॉक्टरांनी स्टूल उघडलं, डबा मांडीवर ठेवला आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "आता बघा!"

थोरलीने सांध्यातला कापूस खरवडून काढला आणि एकेक खिळा उपसायला घेतला. दरेक खिळा कुरकुरत निघत होता. शेवटचा निघाला मात्र, फळीचं टोक फाडकन होडीपासून सुटून बाहेर आलं आणि पुढच्या रांगेतली माणसं एकदम मागे सरली. "बापरे, उडालीच!" कुणीतरी ओरडलं.

"बघितलंत?" थोरली म्हणाली.  "एवढा ताण तिच्यात होता. बाहेरून शहाणी दिसत होती, पण आतून सुटायलाच बघत होती."

"अगदी आमच्या मोठ्या सुनेसारखी," मागून एक म्हातारी म्हणाली. शेजारी उभी असलेली मोठी सूनच सगळ्यांत जास्त हसली.

नवी फळी कापून झाली, रंधून झाली, पेटीत गेली. आणि मग थांबणं आलं. पेटीतून वाफ निघतेय, आई झाकणापाशी बसलीय आणि कुणालाही हात लावू देत नाहीय. थोरलीला हाताला काम नाही म्हणजे पंचाईत. लोकांनी तेच साधलं. लाकूड कुठलं? तिने सांगितलं. मग तेच का? तेही सांगितलं. खिळे तांब्याचेच कशाला? लोखंड खाऱ्या पाण्यात रडतं, म्हणून. तुम्हाला भीती वाटली नाही का, फळी काढताना? "अहो, अजून वाटतेय," ती म्हणाली, आणि लोक खळखळून हसले. तीही हसली. बोलता बोलता तिला कळलं, की आपल्याला हे आवडतंय. आठवडाभर या माणसांकडे पाठ करून आपण कसलं काम उरकत होतो, असं तिला वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

"शिजली!" आई ओरडली.

आता धांदल. गरम फळी हाताशी असते ती चहा निवण्याइतका वेळ, मग ती पुन्हा ताठ होते. थोरलीने जाड हातमोजे चढवून फळी ओढली, मागचं टोक बसवलं, आणि पुढचं दाबून धरायला एकटीचे हात पुरेनात. बुधवारी तिने फळी एकटीने शिकंज्यांशी झटून बसवली होती. या वेळी ती ओरडली, "या इकडे! धरा!"

दोरी ओलांडायची नाही असा आजोबांपासूनचा नियम. लोक घुटमळले. पहिले आत शिरले ते डॉक्टर. मागोमाग म्हातारीची मोठी सून, दोन कॉलेजातल्या मुली, आणि फायबर कंपनीचा कोटवाला माणूसही, टाय खांद्यावर टाकून. "दाबा! खाली नको, आत, आत! डॉक्टर, सोडू नका!" "आयुष्यात एकही दात सोडला नाही!" डॉक्टर लाल होऊन म्हणाले. फळी वळली. नवी पोळी तव्यावर टेकावी तशी ती बरगड्यांवर अलगद टेकली. थोरलीने खिळे ठोकले आणि एकामागून एक सगळ्यांनी हात काढले, तरी फळी जागची हलली नाही. गोदामात जो टाळ्यांचा कडकडाट झाला, त्याने तिकडच्या पडद्यावरचं संगीत कुणालाच ऐकू येईना.

मिस्त्री खुर्चीवरून उठले. त्यांनी डावा हात होडीच्या अंगावरून मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत फिरवला. हात कुठेच थांबला नाही. ते परत खुर्चीवर जाऊन बसले. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते वाफेवर ढकललं.

रविवारी सगळं गाव उतारावर जमलं. शंभर हातांनी होडी उचलून पाण्यात सोडली आणि थोरली एकटीच तिच्यात बसली. नव्या लाकडी होडीत पहिल्यांदा थोडं पाणी झिरपतंच. फळ्या पाणी पितात, फुगतात आणि मग सांधे आपोआप मिटतात. हे गावाला ठाऊक आहे, तरी दर वर्षी काठावर 'बुडाली, बुडाली' असा गलका होतोच. थोरली एका हाताने डब्याने पाणी उपसत, दुसऱ्याने वल्हं मारत, मोठमोठ्याने हसत बंदराला वळसा घालून आली. ती अजून वाटेतच होती तेव्हा भोंगा काकांना दम निघाला नाही. समितीचा निकाल संध्याकाळी सांगायचा होता. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला, ज्याची त्यांना मुळीच गरज नव्हती, आणि मधली जागा पुढच्या वर्षीही थोरलीचीच, असं सगळ्या बंदराला ऐकवून टाकलं. लोकांनी टोप्या उडवल्या. कोटवाला माणूससुद्धा टाळ्या वाजवत होता. गरम फळी दाबताना भाजलेल्या त्याच्या तळहाताला अजून पट्टी होती.

होडी उताराला लागली. थोरली गुडघाभर पाण्यात उतरली आणि गर्दीतून वाट काढत वडिलांना शोधायला निघाली. ते उताराच्या कडेला पाठमोरे उभे होते. कुठल्याशा परगावच्या, अनोळखी पाहुण्याला गाठून, धडधाकट डावा हात वर करून ते होडीकडे दाखवत होते आणि पाहुण्याला हलू देत नव्हते.

"ती तिसरी फळी दिसते ना? डावीकडची. बांधून झालेली होडी होती, पुरी, आणि तिने ती उघडली. या माणसांसमोर. मी एवढ्या होड्या बांधल्या, बांधून झालेली होडी कधी उघडली नाही. मी असतो ना, तर ती फळी तशीच ठेवली असती. वर रंग मारला असता आणि कुणाला पत्ता लागू दिला नसता." मिस्त्रींचा आवाज भरून आला. "माझी मुलगी आहे ती."

थोरली त्यांच्या मागे ओल्या पायांनी उभी राहिली. तिने त्यांना हाक मारली नाही. त्यांचं सगळं बोलून होऊ दिलं.